मालिकेतली ट्रेल मॅरेथॉन : आज ४२ किलोमीटर, उद्या पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर

तीन ते सहा दिवस चालणाऱ्या ट्रेल मालिकेत, म्हणजे डोंगर-जंगलातल्या पायवाटांवर रोज एक टप्पा धावायच्या शर्यतीत, मॅरेथॉनचा टप्पा बऱ्याचदा मधल्याच एखाद्या दिवशी येतो. म्हणजे सुरुवातीला पाय ताजे नसतात आणि शेवटची रेषा ओलांडली तरी काम संपलेलं नसतं. एरवीच्या मॅरेथॉनमध्ये अंगात असेल-नसेल ते सगळं ओतून यायचं असतं. इथे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पाय बुटात जातील, उतार उतरता येईल आणि पोटात नाश्ता टिकेल, एवढं राखून यावं लागतं. निकाल सगळ्या टप्प्यांच्या एकत्रित वेळेवर लागत असेल, तर मॅरेथॉनच्या दिवशी उतारावर जोर लावून वाचवलेली दहा मिनिटं पुढच्या दिवशी मांड्या आखडल्यावर सहज अर्ध्या तासाला पडतात. त्यामुळे पुढचा प्रत्येक निर्णय एकाच कसोटीवर घासून घ्यायचा : याने उद्याचा टप्पा सोपा होणार की अवघड?

नियमपत्रक आणि वेळेचा हिशेब

नोंदणी केल्यावर पहिलं काम म्हणजे नियमपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणं. मालिका दोन प्रकारच्या असतात. सहारातल्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’सारख्या, १९८६ पासून चालत आलेल्या शर्यतीत खाणं आणि झोपण्याचं सामान धावपटूला स्वतःच्या पाठीवर न्यावं लागतं. दुसऱ्या प्रकारात आयोजक तुमची मोठी बॅग पुढच्या मुक्कामी पोचवतात आणि पाठीवर फक्त दिवसापुरतं सामान असतं. खाणं, बूट, वेग, सगळं या एका फरकावर ठरतं. शिवाय चार गोष्टी नीट शोधून घ्या : मधल्या प्रत्येक ठाण्याचा कटऑफ (तिथे पोचायची शेवटची वेळ), कटऑफ चुकल्यावर पुढचे टप्पे धावू देतात की नाही, पोल (हातात धरायच्या काठ्या) वापरायला परवानगी आहे का, आणि सक्तीच्या सामानातली वस्तू कमी निघाली तर वेळेचा दंड किती.

वेळेचा अंदाज रस्त्यावरच्या मॅरेथॉनवरून बांधू नका. ट्रेलवर चालणारा हिशेब असा : दर १०० मीटर चढाईला एक सपाट किलोमीटर धरायचा. ४२ किलोमीटर आणि १८०० मीटर चढाई असेल तर ४२ अधिक १८, म्हणजे ६० किलोमीटरइतके श्रम. सपाट पायवाटेवर तुमचा निवांत वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं असेल तर ४५० मिनिटं होतात. तीन एड स्टेशनवर (खाण्यापिण्याच्या ठाण्यांवर) पाच-पाच मिनिटं धरा, आणि आधीच्या दिवसांच्या थकव्यासाठी आणखी दहा टक्के. बेरीज होते ५१० मिनिटं, म्हणजे साडेआठ तास. कटऑफ नऊ तासांचा असेल तर हातात जेमतेम अर्धा तास उरतो.

या हिशेबात उतार धरलेला नाही, हे विसरू नका. सुटे दगड, ओल्या मुळ्या किंवा घसरणारा मुरूम असलेला उतार चढाइतकाच वेळ खातो. नकाशावर असा उतार दिसला तर तिथे वेगळी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. प्रत्येक ठाण्याचं अंतर, तिथवरची चढाई, तुमची अपेक्षित वेळ आणि कटऑफ एका चिठ्ठीवर लिहून तिच्यावर पारदर्शक टेप लावा आणि व्हेस्टच्या (धावताना अंगावर घालायच्या पिशवीच्या) पुढच्या खिशात ठेवा. थकल्यावर साधी वजाबाकीही जमत नाही, म्हणून आकडे तयार हवेत.

तयारी : लागोपाठच्या दिवसांची सवय

ट्रेलवर २१ किलोमीटर आरामात धावणाऱ्याने यासाठी १६ ते २० आठवडे हाताशी ठेवावेत. एकच भलामोठा रन काढण्यापेक्षा लागोपाठचे दोन रन जास्त कामाचे : शनिवारी तीन-साडेतीन तास डोंगरात आणि रविवारी दोन तास, तेही अगदी सावकाश. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा असं पुरे. स्पर्धेच्या चार-पाच आठवडे आधी एकदाच तीन दिवसांची मालिका करून पाहा : दोन तास, मग चार ते पाच तास, मग पुन्हा दोन तास. शर्यतीतले बूट, व्हेस्ट, जेल (पाकिटातला घट्ट, गोड ऊर्जारस), रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, सगळं या तीन दिवसांत वापरून घ्या. इथे जे काचलं, घासलं किंवा पोटाला मानवलं नाही, ते शर्यतीतही त्रास देणार.

सरावात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते उताराच्या धावण्याकडे. चढावर दम लागतो म्हणून सगळे चढाचा सराव करतात. पण मालिकेत पाय निकामी होतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. म्हणजे मॅरेथॉन दुसऱ्या दिवशी असेल तर तिची किंमत तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी मोजावी लागते. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतो : एकदा नीट उतार धावला की पुढचे काही आठवडे तशाच उताराने बरीच कमी इजा होते. म्हणून आठवड्यातून एकदा मध्यम उतारावर तीन-तीन मिनिटांच्या चार धावांनी सुरुवात करून सहा-आठपर्यंत जा. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या १० ते १४ दिवस आधी, त्यानंतर नाही.

जवळ डोंगर नसेल तर २० ते ३० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवरून एका पायावर तोल सांभाळत, तीन सेकंद घेत दुसरी टाच जमिनीला टेकवायची. प्रत्येक पायाला दहा वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा आतल्या बाजूला झुकू लागला की फेरा तिथेच थांबवा. चढासाठी ट्रेडमिलवर १२ ते १५ टक्के चढ लावून भरलेल्या व्हेस्टसकट झपझप चालणं उत्तम. पकडदांडा धरू नका, नाहीतर सगळी मेहनत हात खातात.

बूट, नाडी आणि पायांची त्वचा

मालिकेत माघार घ्यायला लावणारं एक मोठं कारण म्हणजे पाय, आणि इथे पाय म्हणजे त्वचा, नखं आणि घोट्याचा पुढचा भाग. लागोपाठच्या दिवसांत पाय सुजतात. मोठ्या बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहील असे बूट घ्या. शक्य असेल तर दोन जोड्या न्या, दुसरी अर्धा नंबर मोठी. कोरड्या, कठीण वाटेला तळाचे रबरी खिळे चार-पाच मिलिमीटरचे पुरतात. खोल चिखल असेल तर सहाच्या पुढचे लागतात, पण तेच बूट खडकावर डगमगतात. नखं चार-पाच दिवस आधी सरळ कापून कडा कानशीने गुळगुळीत करा. आदल्या रात्री कापलेलं नख खाली उतरताना बुटात टोचतं.

उतारावर पाय पुढे सरकून बोटं आपटत असतील तर बुटाच्या सगळ्यात वरच्या जादा भोकातून नाडी त्याच बाजूला परत आत घालून छोटा फास करा, दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवा, मगच आवळा. टाच जागच्या जागी बसते. पण हीच नाडी दिवसभर घट्ट राहिली तर नवं दुखणं सुरू होतं. घोट्याच्या पुढे, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूबंधावर तिचा दाब पडतो, तिथे सूज येते, आणि पाऊल वर-खाली करताना हाताला करकर जाणवते. ही करकर लागली की लगेच नाडी सोडून त्या जागेवरचं एक भोक मोकळं ठेवून पुन्हा ओवा. तसंच ओढत नेलं तर पुढच्या दिवशी पाऊल उचलवत नाही. एड स्टेशनला थांबलात की दोन्ही नाड्या एकदा सैल करून पुन्हा बांधायची सवय ठेवा.

जिथे फोड येण्याची शक्यता असते (टाचेची कड, चवड्याची बाजू, करंगळी) तिथे टेप आदल्या संध्याकाळी लावा. जागा अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडी होऊ द्या, टेपचे कोपरे गोल कापा, न ताणता, सुरकुती न पडू देता बसवा आणि तळहाताने दोन मिनिटं दाबून ठेवा. त्या उबेने गोंद पकडतो. ओल्या, क्रीम लावलेल्या किंवा घाईघाईत पुसलेल्या पायावर लावलेली टेप पहिल्या ओढ्यातच गोळा होते, आणि मग तिचीच घडी फोड आणते.

टप्प्याचा दिवस

सुरुवातीच्या दोन-अडीच तास आधी नाश्ता उरका. रेषेवर मागच्या अर्ध्या गर्दीत उभं राहणं हिताचं, कारण पुढे उभं राहिलं की पहिले तीन किलोमीटर दुसऱ्याच्या वेगाने पळले जातात. पहिल्या एक-तृतीयांश भागात, म्हणजे साधारण १४ किलोमीटरपर्यंत, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. घड्याळातल्या हृदयगतीवर फार विसंबू नका. लागोपाठच्या दिवसांत थकलेल्या शरीराची गती कधी नेहमीइतकी वर चढत नाही, कधी उगाच वर जाते. श्वास जास्त खरं सांगतो.

चढ १५ टक्क्यांच्या आसपास गेला की बहुतेकांनी चालावं. एवढ्या चढावर धावून वेग फारसा वाढत नाही, पोटऱ्यांवर भार मात्र खूप येतो. चालणं म्हणजे रेंगाळणं नव्हे : पावलं लहान, पूर्ण तळवा जमिनीवर, हात मांडीवर किंवा पोलवर. पोलची लांबी कोपर काटकोनात येईल इतकी ठेवा. लांब चढावर ते काही भार खांद्यांवर घेतात आणि उतारावर गुडघे वाचवतात. पण सराव नसेल तर पायांत येतात, म्हणून शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा हातात घेऊ नका.

उतारावर लांब ढांग टाकून टाचेने ब्रेक लावणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय. पावलं लहान आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, पाऊल शरीराच्या खाली पडेल असं, आणि हात तोलासाठी जरा बाहेर. नजर पायाशी न ठेवता तीन-चार मीटर पुढे; खडकाळ जागी थोडी जवळ. आपल्यापेक्षा वेगाने उतरणारे मागून आले तर बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. त्यांच्या मागे धावणं म्हणजे उद्याचे पाय आजच खर्च करणं. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये पडण्याचा धोका वाढतो. पाय उचलले जात नाहीत आणि लक्ष विरतं. अशा वेळी दगडगोट्यांचा पट्टा सरळ चालून काढा. त्यात गेलेली दोन मिनिटं मुरगळलेल्या घोट्यापेक्षा स्वस्त.

सक्तीचं सामान (जलरोधक जॅकेट, तातडीची फॉइल चादर, शिट्टी, हेडलॅम्प, जादा सेल, फोन, पट्ट्या) रोज रात्री एकदा आणि सकाळी एकदा तपासा. जॅकेट आणि फॉइल चादर तळाशी कोंबू नका. गारठून थांबलेल्या माणसाला बोटं चालवून व्हेस्ट उपसता येत नाही.

खाणं-पिणं : तासाचा हिशेब

साडेसात-आठ तासांच्या टप्प्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र असलेलं पेय किंवा जेल घेऊन आणि सरावात पोटाला हळूहळू सवय लावून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण मालिकेत ५० ते ६० सलग टिकवणं जास्त मोलाचं. एका नेहमीच्या जेलमध्ये २० ते २५ ग्रॅम असतात आणि मध्यम केळ्यात साधारण तेवढेच. पहिला घास सुरुवातीपासून अर्ध्या तासाच्या आत, मग दर २० ते २५ मिनिटांनी थोडं थोडं. घड्याळाला गजर लावा. भुकेची वाट पाहिली तर फार उशीर होतो. चौथ्या तासानंतर गोड नकोसं होतं, म्हणून उकडलेला खारा बटाटा, खारे बिस्किट, सूप असं काही सोबत किंवा ड्रॉप बॅगेत (आयोजक ठाण्यावर पोचवतात त्या तुमच्या पिशवीत) असू द्या.

पाणी किती, याचं उत्तर तराजू देतो. सरावात एक तास धावण्याआधी आणि नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो घटलं तितके लिटर घाम, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिलिलिटर पुरतं. गेलेला सगळा घाम भरून काढायची गरज नसते. सोडियम तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम धरा, फार घाम येणाऱ्यांनी थोडं वर. एक ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यावरून वेष्टनावरचे आकडे ताडून बघा.

इथे एक धोका नीट समजून घ्यायला हवा. सावकाश धावणारे प्रत्येक ठाण्यावर पोटभर साधं पाणी पितात आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोटं फुगणं, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट होणं, डोकं दुखणं, उलटी, भ्रमिष्टासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. वरून ती निर्जलीकरणासारखी दिसतात आणि कुणीतरी आणखी पाणी पाजतं, तेच जिवावर बेततं. अशा माणसाला पाणी न देता वैद्यकीय पथकाकडे न्या. दुखणं दाबायला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या टप्प्यात घेऊ नका. लांब धावताना मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आधीच कमी असतं, या गोळ्या ते आणखी कमी करतात.

मळमळू लागलं तर बहुधा वेग जास्त आहे, किंवा जेलवर पाणी कमी पडलंय. दहा-पंधरा मिनिटं चाला, फक्त पाण्याचे छोटे घोट घ्या, सावली शोधा. पोट शांत झालं की पातळ पेयापासून पुन्हा सुरुवात करा.

रेषा ओलांडल्यानंतरचे चार तास

पुढच्या दिवसाची शर्यत इथेच सुरू होते. पहिल्या अर्ध्या तासात खायला सुरुवात करा : पहिले चार तास, दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. ६० किलोच्या माणसाला तासाला ६० ते ७२ ग्रॅम. सोबत २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. जेवण तयार व्हायला वेळ असेल तर बॅगेतली दूध पावडर किंवा प्रथिनांचं पेय आणि केळी यांनी काम भागवा. वजनात जितकी घट झाली, तिच्या दीडपट पातळ पदार्थ संध्याकाळपर्यंत टप्प्याटप्प्याने, खारं काहीतरी खात खात घ्या.

ओले कपडे लगेच बदला, घाम वाळला की थंडी भरते. जवळ ओढा किंवा टब असेल तर १० ते १५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं कमरेपर्यंत बसा. सरावाच्या काळात याचे तोटे सांगितले जातात, मालिकेत मात्र उद्या कमी दुखणं एवढाच हेतू असतो आणि तो बऱ्यापैकी साधतो. खोल मसाज टाळा, इजा झालेले स्नायू चेचले जातात. पाय भिंतीला टेकवून २० मिनिटं पडा, त्यानंतर पाचेक मिनिटं हळू फिरून या.

मग पाय उघडा ठेवून एकेक बोट तपासा. नुसती लाल, झोंबणारी जागा असेल तर ती कोरडी होऊ द्या आणि झोपण्याआधी टेप लावा. फोड छोटा आणि मऊ असेल तर हात लावू नका. टम्म फुगलेला आणि बुटात दाबला जाणारा फोड मात्र रिकामा करावा लागतो : हात धुवा, जागा जंतुनाशकाने पुसा, निर्जंतुक सुईने खालच्या कडेला दोन-तीन भोकं पाडा, गॉझने हलकेच दाबून पाणी काढा. वरची कातडी कापू नका, तीच सगळ्यात चांगली पट्टी असते. रात्री सैल पट्टी, सकाळी नवी पट्टी आणि तिच्यावर टेप. रक्ताने भरलेला फोड स्वतः फोडू नका, तो वैद्यकीय तंबूत दाखवा.

उद्याचं सामान झोपण्याआधी भरून ठेवा. तंबूत घोरणारे असतातच, म्हणून कानात बोळे आणि डोळ्यांवर पट्टी. आठ तास आडवं पडायचं, झोप तुकड्यातुकड्यात लागली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी : धावायचं की थांबायचं

सकाळी सगळंच दुखतं, त्यामुळे दुखण्याचा प्रकार ओळखावा लागतो. दोन्ही मांड्यांत सारखं, पसरलेलं, दहा मिनिटं चालल्यावर सैल होणारं दुखणं चालेल. पहिले दोन किलोमीटर चालत काढा. एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा एका जागी, हाडावर दाबल्यावर कळ मारणारं आणि चालताना वाढणारं दुखणं चालणार नाही. ते हाडाला तडा जात असल्याचं लक्षण असू शकतं. एका पायावर हळूच दहा वेळा उडी मारून पाहा. लंगडत उतरावं लागलं, तर त्या दिवशी बिब (छातीवरचा क्रमांक) लावू नका.

फोडाभोवती लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, वर जाणारी लाल रेघ दिसली, तर आधी डॉक्टर. लघवी गडद चहासारखी किंवा कोलासारखी झाली असेल आणि स्नायू प्रमाणाबाहेर दुखत किंवा सुजत असतील, तर तुटलेल्या स्नायूंतले घटक रक्तात मिसळून मूत्रपिंडावर भार पडत असतो. तेव्हा पाणी पिऊन बघू, असं म्हणून वेळ घालवू नका, लगेच रुग्णालयात जा. अनेक मालिकांत एक टप्पा सोडल्यावरही क्रमवारीबाहेर राहून पुढचे टप्पे धावू देतात, त्यामुळे एक दिवस बसल्याने मालिका संपेलच असं नाही. याचा नियम आधीच वाचून ठेवलेला असेल, तर त्या सकाळी निर्णय घेणं सोपं जातं.